एक लांब शिट्टी

शैला,

शाळेच्या फाटकावर तुझा फलक लावलाय. फोटो कुठल्यातरी स्नेहसंमेलनातला, केसांत गजरा, चेहऱ्यावर ते खास पाहुण्यांसाठीचं हसू. खाली छापलंय, 'शांत, सोज्वळ, मनमिळाऊ.' वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. फलक ओढून काढावा आणि पायाखाली तुडवावा असं वाटलं. शांत म्हणे! भर मैदानात एका दांडगट माणसाचा अंगठा दातांत धरून लोंबकळलेली बाई ती, आणि हे म्हणतायत सोज्वळ. ज्यांनी छापलंय त्यांनी तुला कधी चिडलेलं पाहिलं नसावं, नाहीतर पाहून विसरले असावेत. विसरणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. मलाही.

एकवीस वर्षं एका टीचर्स रूममध्ये काढली आपण. मी पीटीचा मास्तर, तू विज्ञानाची बाई. शनिवारी सकाळी माझ्याकडे स्काउटची मुलं, तुझ्याकडे गाइडच्या मुली. एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, एकमेकांच्या घरच्या लग्नांना आणि मयतांना गेलो, भांडलो तर रोजच. पण त्या एका शनिवारबद्दल, मी वाजवलेल्या त्या एका शिट्टीबद्दल नऊ वर्षांत एक शब्द बोललो नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता तू गेलीस आणि मला कंठ फुटलाय. मेल्यावर माणसाला ऐकू येतं का, माहीत नाही. तुझा डावा कान तर आधीच गेला होता. म्हणून उजव्या बाजूला बसून सांगतो.

गल्लीपासून सुरुवात करतो. फलक छापणाऱ्यांना गल्ली म्हणजे काय हेही माहीत नसेल. नव्या पोराला स्काउटचा स्कार्फ मिळायच्या आधी जुनी पोरं समोरासमोर दोन रांगा करायची. आपापला स्कार्फ नळाखाली भिजवायचा, पिळायचा, टोकाला गाठ मारायची. नवा पोरगा मधून पळणार, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्या पाठीवर सपासप बसणार. पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः याच मैदानावर पळालो होतो, आठवडाभर पाठीवर वळ होते. मास्तर झाल्यावर तीच प्रथा मी आनंदाने चालू ठेवली. "आमचं काय वाकडं झालं?" असं मी म्हणायचो. "झालंय ते दिसतंय," असं तू म्हणायचीस.

तुझ्याकडच्या मुली तेव्हा पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायच्या आणि बँडेज गुंडाळून ठेवायच्या. आठवीतली अश्विनी, दोन घट्ट वेण्या आणि नाकावर कायम राग, तिने तुला विचारलं, "बाई, तंबू आम्ही कधी लावणार?" तू तडक माझ्याकडे आलीस.

"परब, पुढच्या शनिवारपासून माझ्या बारा मुली तुझ्या मुलांबरोबर."

"वेडी आहेस का गं? पोरं-पोरी एकत्र? कवायतीची वाट लागेल."

"तुझी अर्धी पोरं डावं-उजवं चुकतात. अजून काय वाट लागायचीय?"

"आणि कॅम्पला? तंबूंचं काय?"

"तंबू वेगळे, शेकोटी एक."

एवढ्यात विषय संपवलास. मुख्याध्यापिकाबाईंना कसं पटवलंस ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या शनिवारी पोरं स्कार्फ भिजवून तयार. एकाने मला विचारलं, "सर, पोरींचीपण गल्ली काढायची?" मी म्हटलं, "काढा, पण हलक्या हाताने." ते तू ऐकलंस. चपला काढल्यास, निळ्या साडीचा पदर खोचलास आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलीस. "नवीन मीपण आहे. पहिली मी."

पोरं खिदळली. तू पळाली नाहीस, चालत निघालीस. पहिल्या दोघातिघांनी नुसता स्पर्श केला. मग तू रोहनसमोर थांबलीस. माझा सगळ्यात चांगला स्काउट तो, गाठी मारण्यात पटाईत, आणि मारण्यातही. त्याला म्हणालीस, "गेल्या महिन्यात त्या नव्या मुलाला मारलंस ना, तेवढ्या जोरात मार." त्याने माझ्याकडे बघितलं. "सरांकडे काय बघतोस रे? मार!"

त्याने मारलं. गाठ तुझ्या मानेवर बसली, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. आणि मग पुढच्या पोरांचे हात सुटले. कोणी रागाने मारत नव्हतं. एकाने मारलं म्हणून दुसरा, दुसऱ्याने मारलं म्हणून तिसरा. तू शेवटाला पोचलीस तेव्हा मानेची कातडी सोललेली होती आणि ब्लाउजच्या काठाला रक्त लागलं होतं. तू वळलीस आणि पोरांना नाही, मला विचारलंस, "पुरे, की पुन्हा पहिल्यापासून?"

रोहन नळाजवळ जाऊन ओकला. त्यानंतर आपल्या मैदानावर गल्ली निघाली नाही. तेव्हा माझ्या गळ्यात शिट्टी होती, शैला. दुसऱ्या फटक्यालाच वाजवता आली असती.

पुढचे सहा महिने मात्र झकास गेले, हे मला कबूल करावं लागेल. तेव्हा केलं नाही, आता करतो. अश्विनीने बांधलेल्या बांबूच्या मनोऱ्यावर मी स्वतः चढलो, माझं एवढं वजन घेऊन. पोरं बँडेज बांधायला शिकली. रोहन आणि अश्विनी एका तुकडीत होते आणि सारखे भांडायचे, आपल्यासारखे. तू मला चिडवायचीस, "बघ, अजून एकपण पोरगा पोरीला बघून बेशुद्ध पडला नाही." मी म्हणायचो, "थांब, पावसाळी कॅम्प येऊ दे." मनातून मला अभिमान वाटत होता. त्याच अभिमानाने घात केला.

मुलुंड कॉलनीच्या मागच्या डोंगरावर आपण ट्रेक नेला, तिथे प्रथमोपचाराचा सराव झाला. अश्विनी जखमी झाली होती, खोटी खोटी. रोहनने तिच्या पायाला आपली काठी लावून घोट्यापासून वरपर्यंत पट्ट्या बांधल्या. इतकं सुबक काम, की मी फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली मजकूर लिहिला, 'मांडीचं हाड मोडल्यास काय करावे.' स्काउट मास्तरच असा मजकूर लिहू शकतो. मला त्यात पट्टी दिसत होती. ग्रुपमधल्या लोकांना मुलगी आडवी पडलेली दिसली आणि तिच्या पायाशी मुलगा. चार दिवसांत तो फोटो कुठल्या कुठे फिरला. माझा मजकूर गळून पडला, दुसरे मजकूर चिकटले.

मग तो शनिवार. सकाळचे नऊ. वॉचमन चहाला गेला होता. तू नळाजवळ पोरींकडून पिंप भरून घेत होतीस. छोट्या फाटकातून पाच जण आत आले. पुढे अश्विनीचा काका, हातात हॉकी स्टिक. बाकीच्यांकडे स्टंप होते, म्हणून आधी मला वाटलं, क्रिकेट खेळायला आलेत.

"रोहन कोण बे?" त्याने ओरडून विचारलं.

आपली शिट्टीची भाषा तुला माहीत आहे. एक लांब शिट्टी म्हणजे, असाल तिथे थांबा, सावधान, पुढच्या खुणेची वाट बघा. मग लांब शिट्ट्या एकामागून एक, म्हणजे पांगा, लांब जा. त्या पोरांना मी वर्षभर घोटवलं होतं. एक लांब ऐकली की पापणीसुद्धा हलवायची नाही. हललेल्याला मी मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावायचो.

मी एक लांब शिट्टी वाजवली.

चाळीस पोरं-पोरी जागच्या जागी खिळली. हात शिवणीला, नजर समोर. रोहनसुद्धा. काका त्याच्यापर्यंत चालत गेला. धावायची गरजच पडली नाही. रोहन पुढच्या शिट्टीची वाट बघत होता. ती आली नाही. पहिला फटका त्याच्या जबड्यावर बसला. तो आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो. त्याचं डोकं एका बाजूला गेलं आणि पुन्हा सरळ झालं. पोरगा सावधानमध्येच उभा होता, शैला. तोंडातून रक्त गळतंय, गणवेशावर सांडतंय, आणि हात शिवणीला. दुसरा फटका बरगड्यांवर. तेव्हा तो गुडघ्यावर आला.

तू कुठून कशी पोचलीस मी पाहिलं नाही. एकदम मध्ये दिसलीस. तिसरा फटका त्याच्यासाठी होता, तो तुझ्या डाव्या कानावर पडला. तू पडली नाहीस. त्या माणसाचा हात पकडलास आणि अंगठा दातांत घेतलास. तो गुरासारखा ओरडला. दुसरे दोघे तुझे केस ओढत होते, पाठीत स्टंप मारत होते, आणि तू सोडत नव्हतीस. तुझं रक्त आणि त्याचं रक्त एकाच हनुवटीवरून ओघळत होतं.

अश्विनी पहिली हलली. माझी शिट्टी मोडून ती धावली आणि आपल्या सख्ख्या काकाच्या गुडघ्यावर तिने काठी घातली. मग सगळीच सुटली. पोरं, पोरी, काठ्या. चौघे पळाले. काका खाली पडला आणि पोरं त्याला मारत राहिली. ती वेळ मी कधीच कोणाला नीट सांगितली नाही. आठवी-नववीतली लेकरं, तोंडं वेडीवाकडी झालेली, खाली पडलेल्या माणसाला धोपटतायत. अजून दोन मिनिटं गेली असती तर तो मेला असता. तू त्याच्यावर आडवी पडलीस. "बस! बस रे! मरेल तो!" तुझ्याच पोरांच्या दोन काठ्या तुझ्या पाठीत बसल्या, तेव्हा कुठे ती थांबली.

आणि मी? मी जिथे होतो तिथेच होतो. शिट्टी तोंडातून गळून छातीवर लोंबत होती.

चौकशीत मला लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी हाणामारीत पडू नये म्हणून मी शिट्टी वाजवून त्यांना थांबवले.' खाली मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलेलं एक वाक्य होतं, 'मुले व मुली एकत्र घेतल्याने हा प्रकार उद्भवला.' त्याखालीही सही माझीच. मुलांचा शनिवार, मुलींचा बुधवार झाला. अश्विनीला वर्षभर गावी पाठवलं. गुन्हा करायला आले होते ते पाच बाप्ये, आणि शिक्षा झाली बारा मुलींना. त्या पुन्हा गुलाबपाण्याकडे गेल्या.

तू हॉस्पिटलमध्ये होतीस. डोक्याला पांढरं बँडेज, मनगट प्लास्टरमध्ये. मी त्या जबाबाची प्रत तुझ्या हातात दिली, कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. तू दोनदा वाचलास. मला वाटलं, आता शिव्या घालशील. मी तयार होऊन आलो होतो. तू म्हणालीस, "अक्षर सुंदर आहे तुझं." आणि कागद परत दिलास. त्यापेक्षा ती हॉकी स्टिक माझ्या डोक्यात घातली असतीस तर परवडलं असतं.

मग नऊ वर्षं आपण डबे खाल्ले. तू नाहूरहून येताना माझ्यासाठी घावनं आणायचीस. दरवर्षी जूनमध्ये एकत्र पथकाचा अर्ज करायचीस, दरवर्षी तो नामंजूर व्हायचा, आणि तू मला, मला, त्याचा मसुदा वाचायला द्यायचीस. मी स्वल्पविराम सुधारायचो. एकदा म्हणालो असतो की खाली माझीही सही घाल, तर काय बिघडलं असतं? तोंडापर्यंत यायचं आणि मी चहाचा विषय काढायचो. भेकड माणसाला चहा फार उपयोगी पडतो.

काल संध्याकाळी रोहन माझ्या घरी आला. तेवीस वर्षांचा बाप्या झालाय. जबडा डावीकडे किंचित वाकडा आहे, दाढीत लपतो. मी म्हटलं, "ये, बस. उद्या सभेला बोलणार ना बाईंबद्दल?"

"तेच सांगायला आलो, सर. मी नाही येणार. चांगलं बोलायला लावाल तुम्ही लोक, आणि मला नाही जमणार."

"का रे?"

"त्यांनीच तुम्हाला शिट्टी वाजवायला लावली ना? खूण करून?"

"कसली खूण?" मी विचारलं. त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी दुपारी त्याचे बाबा घरातून सळई घेऊन निघाले होते, माझ्याकडे यायला. मास्तरचे गुडघे फोडतो म्हणून. जिन्यात असताना तुझा फोन आला, हॉस्पिटलच्या खाटेवरून. तू सांगितलंस, 'परबांची चूक नाही. मी लांबून हाताने खूण केली म्हणून त्यांनी वाजवली. मला वाटलं, मुलं थांबली की ते लोकही थांबतील. चुकलं माझं.' बाबा परत वर गेले. बाईमाणूस, त्यातून कान फुटलेली, तिच्यावर कोण सळई उचलणार?

"म्हणून सर, नऊ वर्षं मी त्यांना रस्त्यात पाहून पलीकडे जायचो," रोहन म्हणाला. "एकदा दिवाळीला घरी आल्या होत्या फराळ घेऊन. मी दार लावून घेतलं, त्यांच्या तोंडावर."

तू कोणाला विचारून हे केलंस गं? माझ्या वाटचं खायचा तुला काय अधिकार होता? गल्लीतले फटके खाल्लेस, स्टिक खाल्लीस, पोरांच्या काठ्या खाल्ल्यास, आणि वर ज्या पोरासाठी कान गमावलास त्याचं दारही तोंडावर आपटून घेतलंस. आणि सोमवारी येऊन मला विचारायचीस, "परब, घावनं मऊ झालीत ना?" मला इतका संताप आला, आणि त्याच वेळी असं भरून आलं, की मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागलो. रोहनला वाटलं, तुझ्या आठवणीने रडतोय. पाणी आणायला उठला.

मी म्हटलं, "बस. पाणी नको. बाईंनी खूण केली नव्हती. त्यांची पाठ होती माझ्याकडे, नळावर होत्या त्या. शिट्टी मी माझ्या मनाने वाजवली. आणि तुम्हाला वाचवायला नाही वाजवली. मी घाबरलो होतो रे. ती माणसं बघितली आणि हात आपोआप शिट्टीकडे गेला. दुसरी वाजवायला तोंडात हवाच राहिली नाही. तू उभा राहून मार खात होतास, आणि मला ते दिसत होतं."

पहिल्यांदाच बोललो. तुझ्याशी बोलायचं ते त्याच्याशी बोललो.

तो उठला आणि त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी खुर्चीसकट मागे पडलो. बायको स्वयंपाकघरातून किंचाळत आली. त्याने मला कॉलरला धरून उठवलं आणि अजून एक मारला, मग टीपॉयला लाथ घातली, काच फुटली. "त्यांच्या तोंडावर दार लावलं मी! त्यांच्या!" एवढंच म्हणत होता, पुन्हा पुन्हा. बायको पोलिसांना फोन लावायला निघाली, तिला मी हाताने अडवलं. थोड्या वेळाने तो खाली बसला, काचांमध्येच, आणि लहानपणी ओकला होता तसा वाकून रडला. मग उठून गेला. मी माफी मागितली नाही.

आज सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये, तोच हसरा फोटो, त्याला हार. मुख्याध्यापिकाबाई बोलल्या, ट्रस्टी बोलले. शांत, सोज्वळ, मनमिळाऊ. अश्विनी पुढे बसली होती. रोहन आला, सगळ्यात मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा राहिला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी खिशातून लिहून आणलेला कागद काढला. सुंदर अक्षरात दोन पानं होती, सगळी गोड.

माझा खालचा ओठ फुटलेला, सुजून काळानिळा. पुढच्या रांगेतून कोणीतरी काळजीने विचारलं, "अहो परब सर, तोंडाला काय झालं?"

मी कागद परत खिशात ठेवला. आधी शिट्टीचं सांगितलं. मग तोंडाचं.